ऊसपट्ट्यातील भूक : दानाबरोबर नियोजनही हवे

पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्टा देशातील संपन्न ग्रामीण भागांत गणला जातो. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था आणि विकास सोसायट्या यांचे जाळे तेथे गावोगावी विणलेले आहे. याच शिवारात दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसह मराठवाड्यातील अवर्षणप्रवण भागांतून ऊसतोड कुटुंबे दाखल होतात. पती-पत्नीचा ‘कोयता’ पहाटेच फडात उतरतो आणि लहान मुले खोपीत किंवा बांधावर राहतात. मजुरी उचलीपोटी वळती होत असल्याने हाती येते ती केवळ खर्ची. घरून आणलेली ज्वारी-बाजरी संपत आली की प्रथम डाळ व भाजी कमी होते, मग भाकरी. आणि ही कपात बहुधा आईच्या ताटापासून सुरू होते.

या कुटुंबांना अन्नाचा हक्क नाही, असे नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी 5 किलो, तर अंत्योदय कुटुंबांना 35 किलो धान्य मिळते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे ते कोणत्याही रास्त भाव दुकानातून उचलता येते. निम्मा वाटा येथे आणि उरलेला मूळ गावी, अशीही सोय आहे. स्थलांतरित बालके, गरोदर व स्तनदा माता यांना जवळच्या अंगणवाडीतून पूरक आहार घेता येतो. मात्र दुकान उघडे असते तेव्हा मजूर फडात असतो, आणि वस्तीवर किती मुले आली हे अंगणवाडी सेविकेला कोणी कळवत नाही.

खरी उणीव येथे आहे. कोणती टोळी कोठे उतरली, हे कारखान्याच्या शेती विभागाला ठाऊक असते. आहार अंगणवाडीत असतो, धान्य दुकानात, गोदाम सोसायटीकडे आणि कामाचे हात बचत गटांकडे. प्रत्येक संस्था आपले काम करते. परंतु ही कामे एकत्र जोडण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

काही ठिकाणी दात्यांच्या बळावर धान्य बँक उभारण्याचा विचार पुढे येतो. तो स्तुत्य आहे. पण त्यात साठवणुकीचा प्रश्न दडलेला आहे. रब्बी ज्वारी व गहू फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घरात येतात आणि दानही तेव्हाच सहज होते. गरज मात्र नोव्हेंबरनंतर निर्माण होते. मधल्या पावसाळ्यात सोंडकिड्याची मादी दाण्यात छिद्र पाडून अंडे घालते व ते छिद्र बुजवते. अळी आतच वाढत असल्याने पोते वरून निर्दोष दिसते. म्हणून धान्य चांगले वाळवून, ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणून, हवाबंद पिशव्यांत व लाकडी फळ्यांवर ठेवले पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची धुरी हे केवळ अधिकृत प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे. राहत्या घरात या गोळ्या जीवघेण्या ठरतात. बीजप्रक्रिया केलेले बियाणे तर दानात कधीही मिसळू नये.

उपाय खर्चिक नाही. बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी ग्रामपंचायतीने कारखाना, अंगणवाडी, दुकानदार, सोसायटी आणि बचत गट यांची एक बैठक बोलवावी. कारखान्याने टोळ्यांची यादी द्यावी व वस्ती हलली की चिटबॉयमार्फत ती अद्ययावत करावी. दुकानदाराने आठवड्यातून एक सायंकाळ वस्तीसाठी राखावी. बचत गटाने मुलांना अंगणवाडीपर्यंत पोहोचवावे. सोसायटीने गोदामाचा एक कोपरा द्यावा आणि कृषी विज्ञान केंद्राने तेथील धान्य दर पंधरा दिवसांनी तपासावे. विस्तार कार्यकर्त्याचा या सर्व संस्थांशी नित्य संबंध येतो. त्यामुळे पहिला निरोप त्यानेच धाडणे स्वाभाविक आहे.

‘हे लोक सहा महिन्यांचे पाहुणे, त्यांचा भार गावाने का घ्यावा?’ असा आक्षेप घेतला जातो. परंतु गावाची समृद्धी ज्या उसावर उभी आहे, तो याच हातांनी तोडला जातो. धान्य बँक ही रास्त मजुरीची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. तथापि मजुरीचा प्रश्न सुटेपर्यंत खोपीतील मूल थांबू शकत नाही. ज्या सहकाराने उसाचे प्रत्येक टिपरू वेळेत गव्हाणीपर्यंत पोहोचवले, त्याला ताटापर्यंत भाकरी पोहोचवणे अवघड नाही.