नाव काय? पुढे?

पनवेलच्या एका कॉलेजात ‘डायव्हर्सिटी’वर भाषण, असं आमंत्रण आलं तेव्हा मी चक्क जांभई दिली. मग कळलं, वक्ता स्टँडअप कॉमेडियन आहे. म्हटलं चला, शनिवार वसूल! करंजाडेतून रिक्षा पकडली आणि दहाव्या मिनिटाला हजर.

त्यानं पहिल्या रांगेतल्या मुलाला विचारलं, ‘‘नाव काय?’’ मुलानं सांगितलं. ‘‘पुढे?’’ मुलगा आडनाव सांगून मोकळा.

‘‘बघा, मी फक्त ‘पुढे’ म्हणालो. ह्याला बरोब्बर कळलं मला काय हवंय!’’

हॉलमध्ये हशा. मग तो म्हणाला, ‘‘गोऱ्यांच्या देशात रंग बघून घर नाकारतात. इथे सगळेच सावळे. ब्रोकरनं बिचाऱ्यानं करायचं काय? आडनाव विचारतो!’’

मीही खदखदून हसले. आणि मध्येच गप्प झाले.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी मास कॉमची मैत्रीण करंजाडेत वन बीएचके शोधत होतो. एक फ्लॅट दोघींनाही जाम आवडला. ब्रोकरनं आडनावं विचारली. माझं ऐकून मान डोलावली, तिचं ऐकून म्हणाला, ‘‘ओनरला विचारून सांगतो.’’ संध्याकाळी फोन आला, फक्त मला. ‘‘मॅडम, एकट्या घेणार असाल तर आजच टोकन द्या.’’

मी दिलं. तिला म्हटलं, ‘‘अगं, त्यांना एकच भाडेकरू हवाय.’’ ती ‘‘बरं’’ म्हणाली. त्यानंतर आमची मैत्री वाढदिवसाच्या मेसेजपुरती उरली.

तसं हसवता हसवता जातीवर बोट ठेवणं आपल्याकडे नवं नाही. जोतिराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात भोळ्या कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणाऱ्या जोशीबुवांची पोल विदूषक खोलतो. अलीकडे बीडची अंकुर तांगडे, मनजीत सरकार या मंडळींनी ‘ब्लू मटेरियल’ नावानं दलित कॉमेडियन्सचे शो केले. इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणजे चावट जोक. आपल्याकडे निळा रंग कुणाचा, हे मी सांगायला नको.

भाषणाला आपण नुसती मान हलवतो आणि सुटतो. जोकला तसं सुटता येत नाही. हसलो, म्हणजे ब्रोकरचा नियम आपल्याला आधीपासून ठाऊक होता. मला तर होताच. टोकन देतानासुद्धा.

बाहेर पडल्यावर तिला फोन लावला. ‘‘त्या फ्लॅटचं... एकच भाडेकरू वगैरे काही नव्हतं गं.’’

थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘माहितेय. तू कधी सांगतेस, याची वाट बघत होते.’’

पुढच्या महिन्यात माझं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू व्हायचंय. ओनर म्हणतात, तुमच्यासारखेच कुणी असतील तर सांगा, बिल्डिंगमध्ये अजून एक फ्लॅट रिकामा आहे. ‘तुमच्यासारखे’ म्हणजे कसे, हे या वेळी मी विचारणार आहे.