कच्च्या कैद्यांच्या कोठडीत कॉकटेल

बॉस्टनमधल्या चार्ल्स स्ट्रीट जेलचं 2007 साली आलिशान हॉटेल झालं आणि त्याला नाव मिळालं 'लिबर्टी'. दारू पिऊन रस्त्यावर सापडलेल्यांना पूर्वी जिथे कोंडत, तिथे आता 'अ‍ॅलिबाय' नावाचा बार आहे. अटकेनंतर पोलीस जसे फोटो काढतात, तसे नामवंतांचे फोटो त्याच्या भिंतींवर टांगलेत. रेस्टॉरंटचं नाव 'क्लिंक'. तुरुंगाला तिकडे थट्टेनं हेच म्हणतात. जुन्या कोठड्यांचे गज जागच्या जागी ठेवून तिथेच टेबलं मांडली आहेत. मला हा सगळा प्रकार किळसवाणा वाटतो आणि तो का वाटतो, हे आडपडदा न ठेवता सांगायचं आहे.

मी तिथे राहिलो आहे. भाचा बॉस्टनला असतो, त्यानंच खोली घेतली होती. "मामा, आयुष्यभर जेलच्या वाऱ्या केल्यात, आता एकदा जेलमध्ये आरामात राहून बघा," असं तो म्हणाला, आणि त्यात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं. खोली उत्तम, पलंग मऊ, खिडकीतून नदी दिसते, माणसं अदबीनं वागतात. सेवेबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण संध्याकाळी खाली उतरलो तर सुटाबुटातले चारपाच तरुण गजांपाशी उभे होते. एकानं दोन्ही मुठींनी गज धरले, दोन गजांमध्ये तोंड खुपसलं, डोळे वटारले. दुसऱ्यानं फोटो काढला. मग पाळी बदलली. गज धरायला रांग लागली होती.

मी वकिली केली ती बहुतेक कच्च्या कैद्यांची. मोफत कायदेविषयक मदतीच्या पॅनलवर असल्यामुळे कारागृहात नेहमी जाणं व्हायचं. गज माणसं कशी धरतात, हे मला माहीत आहे. मुठी आवळून नाही धरत. बोटं नुसती अडकवतात, सैल, कारण किती वेळ उभं राहावं लागेल याचा नेम नसतो. मुलाकातीच्या जाळीपाशी एवढा गलका असतो की आईला मुलाचं आणि मुलाला आईचं धड ऐकू येत नाही. सगळे एकाच वेळी ओरडत असतात: वकिलाला भेटलीस का, जामीनदार मिळाला का, तारीख कधीची पडली. जामीन मंजूर होऊन महिने उलटलेत, पण पंधरा हजारांचा जामीनदार उभा करता येत नाही म्हणून आतच राहिलेला माणूस मी पाहिला आहे. त्याच्या आईकडे सातबारा नव्हता, सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट कुठल्या टेबलावर मिळतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तारखेला पोलीस एस्कॉर्ट मिळाला नाही की पुढची तारीख. हे सगळं पाहिलेल्या माणसाला त्या फोटोंवर हसू येत नाही.

चार्ल्स स्ट्रीट हे शिक्षा झालेल्यांचं कारागृह नव्हतं, हा खरा मुद्दा आहे. शिक्षेचे कैदी तिथे काही असत, पण ते काउंटीचं जेल होतं. खटला उभा राहायचा आहे, गुन्हा शाबीत व्हायचा आहे आणि जामिनाचे पैसे भरायची ऐपत नाही, अशा माणसांना डांबण्याची ती जागा. कायद्याच्या नजरेत ही माणसं निर्दोष होती. गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो, हे न्यायाधीशापुढे सिद्ध करण्याची संधी मिळावी म्हणून ती महिनोन् महिने त्या दगडी खोल्यांत वाट बघत होती. त्या बचावाचं 'अ‍ॅलिबाय' हे नाव बारच्या दारावर रंगवणं ही त्या माणसांची विटंबना आहे. यात गंमत शोधणाऱ्याला अटक होणं म्हणजे काय, हे कधी जवळून दिसलेलंच नाही.

आणि ही इमारत मुळात कुणा दुष्टानं बांधलेली नव्हती. 1851 साली ती उभी राहिली तेव्हा देशोदेशीच्या सुधारकांना तिचं कौतुक होतं. वास्तुशिल्पी ग्रिडली ब्रायंट आणि तुरुंगसुधारणेचं काम करणारे पाद्री लुई ड्वाइट या दोघांनी मिळून तिची कल्पना रचली. क्रुसासारखा आराखडा, चार बाहू, मधोमध सुमारे 90 फूट उंचीचा घुमटाखालचा चौक, भिंतींना प्रचंड कमानदार खिडक्या. कैद्यालाही उजेड आणि वारा मिळाला पाहिजे, कोठडी प्रत्येकाला स्वतंत्र पाहिजे, हा आग्रह त्या ग्रॅनाइटमध्ये बसवलेला आहे. सुमारे 220 कोठड्या होत्या, प्रत्येकीत एक माणूस. पुढे शहर वाढलं, अटका वाढल्या, पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि एकाच्या कोठडीत दोघं झोपू लागले. उजेडाच्या खिडक्या होत्या तशाच राहिल्या. माणसं मात्र जनावरांसारखी राहू लागली.

शेवटी कैद्यांनीच दावा लावला. फेडरल न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी नुसती प्रतिज्ञापत्रं वाचली नाहीत, ते स्वतः जाऊन एक रात्र त्या जेलमध्ये राहिले. 1973 साली त्यांनी निकाल दिला की, खटल्याची वाट बघणाऱ्या माणसांना असं ठेवणं राज्यघटनेला धरून नाही. माझ्या लेखी त्या इमारतीतला हा सगळ्यात मोठा प्रसंग आहे. न्यायाधीशानं कोठडीत पाठ टेकली, ढेकूण-उंदीर काय ते अनुभवलं आणि मग लेखणी उचलली. आपल्याकडे कारागृहाची पाहणी करायला येणाऱ्यांसाठी आदल्या दिवशी चुना मारतात, त्या दिवशी आमटीत डाळ दिसते. म्हणून गॅरिटींचं मोल मला जास्त कळतं. तरीही निकालानंतर जेल रिकामं व्हायला 1990 उजाडलं. घटनाबाह्य ठरवलेल्या कोठड्यांत सतरा वर्षं माणसं राहत होती.

मग नॅशुआ स्ट्रीटवर नवं जेल बांधलं. तिथे कोठडीमागे एकच माणूस ठेवायचं कबूल झालं होतं. संख्या वाढताच शेरीफ पुन्हा न्यायालयात गेले, आम्हाला दोघांना एकत्र ठेवू द्या म्हणाले. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि 1992 साली त्या न्यायालयानं असे आदेश बदलून घेण्याची कसोटी सैल केली. हे नवं जेल त्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हॉटेलातला पाहुणा 'तुरुंगाचा अनुभव' म्हणून कॉकटेल पितो तेव्हा तिथे खरेखुरे कच्चे कैदी जामिनाच्या पैशांची जुळवाजुळव करत असतात. तुरुंग इतिहासजमा झालाय, आता त्यावर हसायला हरकत नाही, हा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे तो समजच खोटा आहे. तुरुंग फक्त पलीकडच्या रस्त्यावर गेला.

जुन्या इमारतींचं जतन व्हायला नको, असं मी म्हणत नाही. बुलडोझर फिरवण्यापेक्षा हॉटेल केव्हाही बरं. त्या कामावर सुमारे 15 कोटी डॉलर खर्च झाले. काढून टाकलेला घुमटावरचा मनोरा पुन्हा चढवला, दगड साफ केला. गवंड्यांचं आणि वास्तुशिल्पींचं काम मनापासून चांगलं आहे, ते मी डोळे भरून पाहिलं. हॉटेलच्या 298 खोल्यांपैकी जुन्या इमारतीत फक्त 18 आहेत, बाकी सगळ्या शेजारी बांधलेल्या टॉवरमध्ये. म्हणजे झोपायला बहुतेकांना नवी खोलीच मिळते. तुरुंग लागतो तो सजावटीला आणि जाहिरातीला. मला संताप येतो तो इथे. दगड जपले आणि माणसं पुसली. एखाद्या घरात अपघाती मृत्यू झाला तर नवा मालक शांत करून घेतो, निदान त्या खोलीत लगेच नाचगाणं करत नाही.

त्या भिंतींच्या आत काय काय घडलंय बघा. फेब्रुवारी 1919 मध्ये अध्यक्ष विल्सन बॉस्टनला आले, तेव्हा मताच्या हक्कासाठी निदर्शनं करणाऱ्या बायकांना स्टेट हाउसपुढून उचललं. दंड भरायला नकार दिल्यावर त्यांना याच जेलमध्ये टाकलं. मे 1945 मध्ये युद्ध संपल्यावर शरण आलेल्या जर्मन पाणबुडीचा कप्तान फ्रीडरिश श्टाइनहोफ याला युद्धकैद्यांच्या छावणीत न पाठवता खलाशांसह इथे आणून ठेवलं. त्यानं चष्म्याच्या फुटक्या काचेनं शीर कापून घेतली आणि जीव दिला. ही झाली नोंद राहिलेली माणसं. जेम्स कर्ली यांचा किस्सा तर सगळ्यांचा लाडका: दुसऱ्याच्या नावानं सरकारी परीक्षेला बसले म्हणून 1904 साली आत गेले, आतूनच निवडणूक जिंकले, पुढे चार वेळा महापौर झाले. नाव असलेल्या कैद्यांचे किस्से होतात. बाकीच्यांचं काय? सुमारे 140 वर्षांत तिथून गेलेले आयरिश हमाल, इटालियन मजूर, काळे तरुण, भाडं थकलेले, दारूत बुडालेले, डोक्यावर परिणाम झालेले? त्यांच्या वाट्याला गजांशेजारचं टेबल आलं.

अंदमानच्या सेल्युलर जेलचं हॉटेल करू, असं कुणी म्हणून बघावं. महाराष्ट्रात आग लागेल, आणि लागलीच पाहिजे. 1979 साली ते राष्ट्रीय स्मारक झालं, कारण तिथल्या कैद्यांची नावं आपल्याला पाठ आहेत, सावरकरांची कोठडी बघायला माणसं चप्पल काढून उभी राहतात. सप्टेंबर 2019 मध्ये राज्यातले काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्यानं द्यायचा निर्णय बाहेर आला, तर केवढा गहजब झाला. सरकारला खुलासे करत फिरावं लागलं. योग्यच झालं. पण ही चाड फक्त आपल्या थोरांपुरती आहे. चोरीच्या संशयावरून धरलेल्या पारध्याच्या पोराची कोठडी कुणी काहीही करून टाकली तरी आपल्याकडे एक ओळ छापून येणार नाही. देशभक्ताची कोठडी पवित्र आणि गरिबाची कोठडी मौजेची, ही वाटणी मला मान्य नाही. कोंडलेल्या माणसाची भीती दोन्हीकडे तीच असते.

तेलंगणात संगारेड्डीला 1796 सालचं जुनं जेल आहे. तिथे 2016 पासून पाचशे रुपये भरून एक दिवस कैद्याचे कपडे घालायचे, कैद्याचं जेवण जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी घरी जायचं, अशी सोय केली होती. तुरुंगात सर्वांत असह्य काय असतं? भाकरी नव्हे, खादीची पैरण नव्हे. आपण कधी सुटणार, हे माहीत नसणं. ते पाचशे रुपयांत मिळत नाही, कुठल्याच भावात मिळत नाही. ते वगळून जे उरतं त्याला तुरुंगाचा अनुभव म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

तुरुंगाचं हॉटेल करण्याचं काम इभ्रतीनंही करता येतं. स्टॉकहोमचं लाँगहोल्मेन कारागृह 1975 साली बंद झालं, 1989 साली तिथे हॉटेल सुरू झालं. कोठड्यांच्याच खोल्या आहेत, पण आत तुरुंगाचं संग्रहालयही आहे. स्वीडनमधली शेवटची फाशी 1910 साली गिलोटिननं तिथेच दिली गेली. पाहुण्याला झोपायचं असेल तर तो झोपतो, पण आपण कुठे झोपलो आहोत हे कळण्याची सोय त्याच छपराखाली आहे.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्याकडे बघू. 2022च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत 5,73,220 माणसं होती आणि त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. आर्थर रोडला आठशेच्या आसपासची जागा आणि आत तीन हजारांच्या वर माणसं, हे चित्र वर्षानुवर्षांचं आहे. बराकीत कुशीवर झोपायचं, कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून. येरवडा 1871 सालचं. ठाण्याचं कारागृह तर जुन्या किल्ल्यात आहे. या जागा आज शहरांच्या ऐन मध्यात आल्या आहेत आणि तिथल्या एकेका गुंठ्याचा भाव काय आहे, हे प्रत्येक बिल्डरला तोंडपाठ आहे. कधी ना कधी कैदी शहराबाहेर हलवले जातील, नातेवाइकांना मुलाकातीसाठी दोन बस बदलाव्या लागतील आणि रिकाम्या दगडी भिंतींसाठी निविदा निघेल. त्यात 'हेरिटेज' हा शब्द असेलच.

म्हणून त्या निविदेत काय असलं पाहिजे, ते आजच बोलून ठेवतो. एक बराक आणि मुलाकातीची जाळी जशीच्या तशी राहील, ती बघायला पैसे पडणार नाहीत. तिथे कोण राहिलं, कुठल्या कलमाखाली आणि किती दिवस, हे जुन्या रजिस्टरांतून काढून मराठीत भिंतीवर लावलं जाईल. निर्दोष सुटलेल्यांचा आकडा सगळ्यात वर. कोठडी, फाशी, जामीन यांवरून खाण्यापिण्याच्या पदार्थांना नाव देता येणार नाही. आणि उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दरवर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जमा होईल, ज्यांना जामीन मिळूनही जामीनदार मिळत नाही त्यांची रक्कम भरण्यासाठी. या अटी ज्याला जड वाटतील त्यानं आपलं हॉटेल दुसरीकडे काढावं.