ब्रेकचं रबर नवंच हवं
आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची, तर हिर्डोशीकराला सुट्या भागांसाठी पुणं गाठावंच लागतं. गाडी इतकी जुनी, की कंपनीचं नावही 2005 मध्ये बदलून फोर्स मोटर्स झालं. जुन्या बाजारातला दरवाजा, बंपर, गिअरबॉक्सचं कवच मी बेधडक घेईन. लोखंडाची झीज, तडा डोळ्यांना दिसतो. ब्रेकचं रबर मात्र तिथलं कधीच नको! पाकीट कितीही कोरं असो, वर्षानुवर्षं पडून आतलं रबर कडक होतं, चिरतं. व्हील सिलिंडरचं किट, होसपाइप नाना पेठेतून नवेच आणावेत, जुना नमुना सोबत नेऊन, पक्क्या बिलावर. हिर्डोशीच्या पुढे वरंध घाट आहे. भरली गाडी तिथल्या उताराला त्या बोटभर रबरी सीलांच्याच भरवशावर असते. रंगकाम नंतर करा, आधी ब्रेक उघडा.