घरातच पाहुणा

आमच्या लहानपणी घरातील दिवे गेले की वडीलमाणसे प्रथम शेजाऱ्यांच्या खिडकीकडे पाहत. तेथेही अंधार असला तर दोष बाहेरच्या तारेचा आणि तेथे उजेड असला तर दोष आपल्या फ्यूजचा! एवढ्या एका नजरेत निम्मे निदान होऊन जाई. दोष कोठे नाही हे आधी ठरवावे आणि मग कोठे आहे ते शोधावे, ही रीत त्या पिढीच्या अंगवळणी पडलेली होती. बिनतारी जगात आल्यावर आपण हे शहाणपण विसरलो. निदान मी तरी विसरलो, आणि त्याचा भुर्दंड माझ्या आईला सोसावा लागला. आज या सदरात तीच हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या दृष्टिपटलाचा मधला भाग वयोमानाने झिजला आहे. कडेचे दिसते, पण जेथे रोखून पाहावे तेथेच धूसर डाग येतो. वर्तमानपत्र सुटले, पोथी सुटली. फोनच्या वीतभर पडद्यावर समोरचा चेहरा कोणाचा, हे तिला उमगत नाही. मात्र तेच चित्र बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर घेतले आणि खुर्ची जवळ ओढून तिला बसवले, की कपाळावरच्या कुंकवापर्यंत सारे तिला ओळखू येते.

पुण्यास माझी धाकटी मावशी असते. तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया एका सोमवारी सकाळी ठरली होती. आदल्या सायंकाळी पाच ते सहा ही भेटीची वेळ. तेवढ्यात व्हिडिओ कॉल करून दोघी बहिणींची दृष्टिभेट घडवावी, असे मावसभावाने ठरवले. आई चार वाजल्यापासून पातळ बदलून, वेणी घालून बसली होती. पाचाच्या ठोक्याला फोन आला. "दादा, आई तयार आहे, दिसतंय का मावशीला?"

मावशीला काहीच दिसत नव्हते. फोनवर मी टीव्ही शोधत होतो आणि फोन मला पुनःपुन्हा सांगत होता, की जवळपास एकही साधन आढळले नाही. टीव्ही तर समोर आठ फुटांवर उभा होता! मी टीव्ही बंद करून चालू केला, फोन बंद करून चालू केला, रिमोटच्या बॅटऱ्या काढून घातल्या. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हवर दूध तापवणाऱ्या पत्नीवर उगीचच ओरडलो. चाळीस मिनिटे या धडपडीत गेली. सहा वाजता तिकडे परिचारिका आली. शेवटी आईने माझ्या हातून फोन घेतला, कानाला लावला, दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "राहू दे रे. आवाज ऐकला ना तिचा, पुष्कळ झालं." मग ती देवघरात जाऊन बसली. 'पुष्कळ झालं' या शब्दांनी मला त्या रात्री झोप येऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुटीत नववीतल्या एका मुलीला मी ही अडचण सांगितली. शाळेतील संगणकाच्या खोलीची खडान्‌खडा माहिती तिला असते. तिने हिंदीतून एकच प्रश्न केला, "सर, टीव्ही कोणत्या वायफायवर आहे?" मी म्हणालो, "घरातल्याच." तिने शांतपणे विचारले, "पण त्याचं नाव काय?" विद्यार्थ्यांना असे प्रश्न विचारण्यात माझी तीस वर्षे गेली; उत्तर देता न येण्याची पाळी बऱ्याच दिवसांनी आली.

घरी येऊन पाहिले. फोन होता आमच्या नेहमीच्या जाळ्यावर आणि टीव्ही होता पाहुण्यांच्या जाळ्यावर! दिवाळीत मंडळी जमली, तेव्हा भाच्याने राऊटरवर पाहुण्यांसाठी निराळे जाळे काढून दिले होते. पुढे नवा टीव्ही आला. रिमोटने एकेक अक्षर टिपत लांबलचक परवलीचा शब्द भरण्याचा कंटाळा, म्हणून पाहुण्यांचा आखूड शब्द मीच टीव्हीत भरला होता. परिणामी घरचा टीव्ही घरातच पाहुणा होऊन बसला.

आता यात बिघडते काय, ते पाहू. फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवताना प्रथम फोन त्या जाळ्यात पुकारा करतो, की येथे चित्र दाखवू शकेल असे कोण आहे? टीव्ही आपले नाव सांगून 'हजर' म्हणतो. ही वर्गातली हजेरीच होय. नववी 'अ'ची हजेरी चालू असताना नववी 'ब'मधील मुलगा 'हजर' म्हणत नाही, भिंत एकच असली तरी! पाहुण्यांचे जाळे तर मुद्दाम असे केलेले असते, की त्यावरील साधनास इंटरनेट मिळावे, परंतु घरातील इतर साधने दिसू नयेत. ती सुरक्षेची सोय आहे, दोष नव्हे. म्हणूनच टीव्हीवर चित्रपट सुरळीत चालत होते आणि 'इंटरनेट तर चालू आहे' या समजुतीने मी भलतीकडे शोध घेत राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

फोन आणि टीव्ही यांची गाठ घालण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत, आणि आपल्या घरी कोणती आहे हे ठाऊक असल्याविना दुरुस्ती संभवत नाही. पहिल्या रीतीत दोन्ही साधने घरातील एकाच वायफायवर असावी लागतात. अ‍ॅपलचे एअरप्ले 2010 साली आणि गूगलचे क्रोमकास्ट 2013 साली आले. सामान्यतः ती या रीतीची. दुसरी रीत मिराकास्टची. ती 2012 पासून प्रचारात आली. तीत फोन आणि टीव्ही परस्परांशी थेट बोलतात, मध्ये राऊटर लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. आयफोनमध्ये मिराकास्ट नसते. टीव्ही केवळ मिराकास्ट जाणणारा आणि हातात आयफोन, अशी जोडी असेल तर कितीही खटपट केली तरी गाठ पडावयाची नाही.

'कास्ट' आणि 'मिररिंग' यांतील भेदही जाणून घ्यावा. यूट्यूबवरील कीर्तन आपण कास्ट करतो, तेव्हा फोन टीव्हीला केवळ पत्ता सांगतो आणि टीव्ही ते स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोन मग नुसता रिमोट उरतो. मिररिंगमध्ये मात्र फोनच्या पडद्यावरील प्रत्येक हालचाल क्षणोक्षणी टीव्हीकडे धाडावी लागते. म्हणून कीर्तन स्वच्छ चालते, पण व्हिडिओ कॉल अडखळतो, असे घडू शकते.

आता शोधण्याचा क्रम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती बदलल्यावर पुन्हा पाहावे, हे पथ्य पाळावे. मी त्या सायंकाळी नेमके याच्या उलट वागलो.

पहिली गोष्ट अर्थात जाळ्याच्या नावाची. फोनच्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही नावे कागदावर लिहून अक्षरशः ताडून पाहावीत. फोनचे वायफाय बंद पडून तो मोबाइल डेटावर तर गेलेला नाही ना, हेही पाहावे. वरच्या मजल्यासाठी दुसरा राऊटर बसवलेला असेल, तर तोही पुष्कळदा आपले स्वतंत्र जाळे मांडून बसतो. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर ते तात्पुरते बंद करावे, कारण फोनचा पुकारा घरात न फिरता बाहेरच्या वाटेने निघून जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट परवानगीची. आयफोनमध्ये 2020 पासून प्रत्येक अ‍ॅपला घरच्या जाळ्यातील साधने शोधण्याची अनुज्ञा निराळी द्यावी लागते. अँड्रॉइडमध्येही अलीकडच्या आवृत्त्यांत 'जवळपासची साधने' अशी परवानगी असते. घाईत आपण 'नाही'वर बोट ठेवतो आणि विसरून जातो. काही टीव्हींतही अशीच यादी असते. एकदा एखाद्या फोनला नकार दिला, की पुढे टीव्ही न विचारता नकार देत राहतो. त्या यादीतून फोनचे नाव काढून टाकावे व जोडणी नव्याने करावी.

तिसरी गोष्ट बंद करून चालू करण्याची. तिलाही क्रम आहे. राऊटरची वीज अर्धा मिनिट बंद ठेवावी, मग तो सुरू करून दोन-तीन मिनिटे थांबावे. त्यानंतर टीव्ही, आणि सर्वांत शेवटी फोन. रिमोटने टीव्ही बंद करणे म्हणजे त्याला डुलकी घेऊ देणे. खरी विश्रांती द्यावयाची तर भिंतीवरचे बटणच बंद करावे.

चौथी गोष्ट लहरींची. 1895 साली कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी विद्युत्‌लहरींच्या योगे भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. आपले वायफाय त्याच कुळातले. घरगुती राऊटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती भिंतीतून बरी जाते, पण तेथे गर्दी फार. ब्लूटूथ तेथेच, आणि मायक्रोवेव्हची भट्टीही 2.45 गिगाहर्ट्झवर चालते. 5 गिगाहर्ट्झची लहर सुमारे सहा सेंटिमीटरची. ती वेगाने माहिती नेते, पण भिंत आडवी आली की लवकर क्षीण होते. म्हणून राऊटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर 5 चे जाळे घ्यावे, मध्ये दोन भिंती असतील तर 2.4 चे. राऊटर लोखंडी कपाटामागे वा टीव्हीच्या पाठीशी दडवू नये. चित्र अडखळत असेल तर दोष बहुधा या चौथ्या सदरातला. साधन मुळीच दिसत नसेल तर पहिल्या दोहोंतला. पत्नीवरील माझा राग अस्थानी होता, हे येथे नमूद केले पाहिजे. भट्टीमुळे चित्र तुटू शकते, परंतु टीव्ही जाळ्यातून नाहीसा होत नाही.

काही वेळा दोष आपला नसतोच. जोडणी झाली, आवाज आला, पण चित्राच्या जागी काळोख, असे झाले तर बहुधा ती त्या चित्रपटाच्या मालकाने नक्कल रोखण्यासाठी केलेली व्यवस्था असते; तेथे मिररिंग सोडून कास्टच करावे, अथवा टीव्हीतीलच अ‍ॅप वापरावे. मार्च 2025 मध्ये तर क्रोमकास्टची 2015 सालची उपकरणे जगभर एकाएकी काम करीनाशी झाली. त्यांच्या आत साठवलेल्या ओळखपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत गूगलने दुरुस्ती पाठवली. दरम्यान ज्यांनी उपकरण पुसून नव्याने मांडण्याचा खटाटोप केला, त्यांची अडचण मात्र वाढली. घाईने सारे पुसून टाकणे हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

व्हिडिओ कॉलविषयी दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. चित्र टीव्हीवर गेले तरी आवाज पुष्कळदा फोनमध्येच राहतो. तेव्हा फोनचा स्पीकर चालू करून तो म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवावा. आणि फोन उभा धरला तर टीव्हीवर मधोमध अरुंद पट्टी दिसते. पडदा फिरण्याची सोय चालू करून फोन आडवा धरावा. दोन्ही बाजूंनी आडवा धरला तर चेहरा चांगला मोठा होतो. आणखी एक: निकडीच्या प्रसंगी आदल्या दिवशी तालीम करून पाहावी. स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम घेतल्याशिवाय पडदा न उघडणारा मी, आईच्या बाबतीत हे कसे विसरलो, याचे मला नवल वाटते.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. आठव्या दिवशी मावशी अतिदक्षता विभागातून खोलीत आली आणि पुन्हा फोन ठरला. मी आदल्या सायंकाळी टीव्ही घरच्या जाळ्यावर आणून, मुलीला पलीकडच्या खोलीतून फोन करावयास लावून सारे तपासून घेतले होते. ठरल्या वेळी बैठकीत मावशी उमटली. आईने खुर्ची आणखी पुढे ओढली, मान थोडी तिरपी केली, कारण कडेने तिला अधिक नीट दिसते, आणि म्हणाली, "किती गं वाळलीस!" मावशी हसली. "आणि तू अजून तीच किरमिजी साडी नेसतेस वाटतं!" पुढची वीस मिनिटे त्या दोघींच्या मध्ये कोणी बोलले नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळची दृष्टिभेट मात्र हुकली ती हुकलीच. सारे गोड झाले म्हणून ती चाळीस मिनिटे परत येत नाहीत. नववीतल्या त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलावून आभार मानले. ती संकोचून म्हणाली, "सर, मी तर फक्त नाव विचारलं."

वाचकांनी आज सायंकाळी आपला टीव्ही कोणत्या नावाच्या जाळ्यावर आहे तेवढे पाहून ठेवावे, आणि ते नाव टीव्हीच्या पाठीमागे कागदावर लिहून चिकटवावे. काम दोन मिनिटांचे आहे. कोणाच्या घरी कोण केव्हा पाचाच्या ठोक्याची वाट पाहत बसेल, हे आधी सांगता येत नाही.