शब्दांचीं कुळें : झेवियर

मास्तरकी करीत असतां एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत मला विचारिलें, "गुरुजी, माझ्या नांवाचा अर्थ काय?" मुलगा ख्रिस्ती, नांव झेवियर. मीं क्षणभरहि न थांबतां सांगितलें कीं, इंग्रजींत तारणाऱ्यास 'सेव्हियर' म्हणतात, त्याचाच हा अपभ्रंश. मुलगा संतुष्ट होऊन खालीं बसला. उत्तर साफ चुकीचें होतें, हें मला सेवानिवृत्तीनंतर उमगलें.

हें मुळीं व्यक्तिनाम नव्हेच, तें स्थलनाम. स्पेनच्या उत्तरेस नवार प्रांतांत हाविएर नांवाची गढी आहे. तेथें १५०६ सालीं फ्रान्सिस्को जन्मला. गढी मातृकुळाची, म्हणून मुलास जें नांव चिकटलें तें आजोळचें. आपण सातारकर, मिरजकर म्हणतों, तशांतलाच प्रकार.

त्या भागाची जुनी भाषा बास्क. संस्कृत वा लॅटिन यांच्याशीं तिचें नातें जुळत नाहीं. तिच्यांत 'एचे' म्हणजे घर व 'बेर्री' म्हणजे नवें. विशेषण नामाच्या मागून येतें. 'एचेबेर्री' झिजत झिजत शाविएर झालें. जुन्या स्पॅनिशांतला 'श' पुढें घशांत उतरून 'ह'सारखा झाला, म्हणून स्पेनांत हाविएर. पोर्तुगीजांनीं 'श' राखला. आपल्याकडे इंग्रजीच्या वळणानें झेवियर. म्हणजे हें आपलें 'नवघर'च कीं! ठाणें-रायगडाकडे या नांवाचीं गांवेंहि आहेत.

नवार जिंकल्यावर १५१६ सालीं कॅस्टिलच्या सत्तेनें या 'नव्या घरा'चे बुरूज पाडविले. मुलगा तेव्हां दहा वर्षांचा होता. हाच पुढें १५४२ सालीं गोव्यास आला, १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारला, आणि त्याचें शव जुन्या गोव्यांत आहे. गोव्यांतील धर्मांतरांचा इतिहास आम्हांस कडूच. पण शब्दाचें कूळ शोधतांना तो राग उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो. १६२२ सालीं त्यास संतपद मिळालें, आणि त्याच्या भक्तीनें हें उपनाम लोक मुलांस ठेवूं लागले.

तो विद्यार्थी गेल्या महिन्यांत गंगावेशींत भेटला. डोकें पांढरें झालेलें. मीं रस्त्यांतच चूक कबूल केली. तो हंसला, मग जरा थबकून म्हणाला, "गुरुजी, तोच अर्थ मीं मुलांनाहि सांगितला आहे. थोरल्यास आज घरीं सांगतों. धाकटा मुंबईस असतो, त्याला कळवावें लागेल."