नावे बदलली आहेत

लेखाखाली कंसात ‘नावे बदलली आहेत’ असं दिसलं की पूर्वी मी निश्चिंत व्हायचो. मग एका वर्षी भाऊबीजेच्या दुपारी फोन आला.

“संपादकच ना? तुमच्या अंकातली गोदाकाकू बोलतेय.” आवाज शांत होता. “दारात प्राजक्त, गोठ्यात एका डोळ्याने अधू म्हैस, आणि नवरा मुंबईला गेला तो परत न आलेला. आमच्या गावात असं घर एकच आहे हो. नाव कशाला बदललंत मग?”

लेखक तिच्या पुतण्याचा मित्र. चार दिवस राहिला, जेवला. भाकरी थापता थापता ती जे बोलली, ते त्याने लिहिलं आणि आम्ही छापलं.

या फोननंतर मला स्प्रिंगडेल नीट कळलं. हेही बदललेलंच नाव. न्यूयॉर्क राज्यातलं हे खेडं. खरं नाव आता सहज सापडतं, इथे देत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पासाठी समाजशास्त्रज्ञ आर्थर व्हिडिच तिथे सपत्नीक राहिले, गावात मिसळले. कुणाची ओळख फुटणार नाही, असा शब्द प्रकल्पाने गावाला दिला होता. १९५८ साली व्हिडिच आणि जोसेफ बेन्समन यांचं ‘स्मॉल टाउन इन मास सोसायटी’ प्रसिद्ध झालं. पडद्याआडून कारभार हाकणाऱ्या मोजक्या मंडळींना त्यात ‘अदृश्य सरकार’ म्हटलं होतं. नावं बनावट, पण कोण कोण, हे गावाला सांगावं लागलं नाही.

गावाने उत्तर दिलं ते शिमग्याला शोभेल असं. त्याच वर्षीच्या ४ जुलैच्या मिरवणुकीत आधी पुस्तकाचं भलंमोठं मुखपृष्ठ निघालं. मागोमाग मुखवटे घातलेले गावकरी, गाड्यांवर पुस्तकातली खोटी नावं. सगळ्यांत शेवटी शेणखत पसरायची गाडी, खताने भरलेली, आणि तिच्यावर ओणवा झालेला लेखकाचा पुतळा.

नाव बदललं की परका वाचक फसतो. पण लाज वाटते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची, आणि त्यांना नाव लागतच नाही.

लॉड हम्फ्रीज या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाचं नेमकं उलट. ‘टीरूम ट्रेड’ हे त्यांचं पुस्तक १९७० चं. सेंट लुइसच्या बागांमधल्या स्वच्छतागृहांत पुरुष पुरुषांना भेटत. पकडले गेले तर अटक ठरलेली. हम्फ्रीज तिथे पहारेकरी म्हणून उभे राहिले, गाड्यांचे नंबर टिपले, पोलिसांतल्या ओळखीने पत्ते काढले. वर्षभराने वेश बदलून, आरोग्य पाहणीच्या नावाखाली, त्यातल्या पन्नास जणांच्या दारात गेले. निम्म्याहून अधिक जण संसारी. पहिल्यापासून शेवटपर्यंत फसवणूक. पण यादी बँकेच्या लॉकरात ठेवली आणि एकाचंही नाव फुटू दिलं नाही. मी त्यांना माफ करायला तयार नाही. यादी कोर्टाने मागितली असती तर तुरुंगाची भीती कुणाला होती? तरीही गोदाकाकूला या दोघांपैकी कोण परवडला असता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा एका लेखिकेने आईवर लिहिलंय. आम्ही विचारलं, “आईंनी वाचलाय?” नव्हता. मजकूर पंधरा दिवस अडला. परत आला तेव्हा दोन परिच्छेद खोडलेले होते, आणि समासात थरथरत्या अक्षरात एक दुरुस्ती: नथ विकली नव्हती, गहाण ठेवली होती.