मुखपृष्ठ काढून बांधलेली विज्ञानकथा

मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेने गेली पन्नास वर्षे एकाच प्रश्नावर गुजराण केली आहे: कथेत विज्ञान किती असावे आणि कथा किती? या हिशेबाचा उगम शोधायचा तर १९७४ सालापर्यंत मागे जावे लागते. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकास पात्र ठरली. तिचे लेखक ‘नारायण विनायक जगताप’ म्हणजे जयंत नारळीकर, हे मागाहून उघड झाले. आणि १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या लेखनाची दखल घेतली. विज्ञानकथेला साहित्याच्या पंक्तीत पाट मिळाला तो असा. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हा पाट मिळाला तो स्पर्धेसाठी टोपणनावाने आलेल्या, म्हणजे अर्थातच चित्र नसलेल्या, हस्तलिखिताला. त्यापूर्वी विज्ञानकथा वाचकाच्या हाती ज्या रूपात पडत होती, ‘नवल’सारख्या मासिकाच्या रंगीत मुखपृष्ठामागे, कथेच्या शिरोभागी असलेल्या रेखाटनासह, ते रूप पंक्तीबाहेरच राहिले. आपल्या समीक्षेला ते कधी दिसलेच नाही असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

अलीकडे मात्र ही जुनी चित्रे दिसू लागली आहेत, आणि हे दिसणे न दिसण्याहून फारसे बरे नाही. त्यांच्याविषयी दोन भूमिका ऐकू येतात. पहिली जुनी आहे: मुखपृष्ठ हे आवरण, विक्रीचे साधन, म्हणून वाङ्मयबाह्य. दुसरी भूमिका कौतुकाची आहे. ती म्हणते, या चित्रांचे आकर्षण म्हणजे हुकलेल्या भविष्याचे स्मरणरंजन. चंद्रावर वसाहत होणार होती, झाली नाही, म्हणून ती चित्रे पाहून मन हळवे होते. हे स्पष्टीकरण जसेच्या तसे अमेरिकेतून आले आहे आणि आपण त्यावर जकातही घेतलेली नाही. १९५०च्या दशकातील अमेरिकी वाचकाला ते भविष्य खरोखरच कबूल केले गेले होते. हुकले तर त्याचे हुकले. बुलढाण्याच्या वाचकाला कोणी काय कबूल केले होते? त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी अद्याप रेल्वेही पोहोचलेली नाही. मलकापूरला वा शेगावला उतरायचे आणि एस. टी. धरायची. जे भविष्य आपल्या नावावर कधी नव्हतेच, त्याच्या स्मरणाने आपले रंजन होते असे मानणे म्हणजे दुसऱ्याच्या घरचे सुतक पाळणे होय. आणि तरीही तो वाचक त्या चित्राशी थबकतो. का थबकतो, याचे उत्तर दोन्ही भूमिकांपाशी नाही.

उत्तराच्या शोधार्थ एक चित्र नीट पाहू. ह्यूगो गर्न्सबॅकच्या ‘अमेझिंग स्टोरीज’चा पहिला अंक एप्रिल १९२६चा. त्याचे मुखपृष्ठ फ्रँक आर. पॉलचे, आणि विषय ज्यूल व्हर्नच्या एका धूमकेतूवरील प्रवासाच्या कादंबरीचा, जी मराठी वाचकाला भा. रा. भागवतांच्या ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’मुळे परिचित आहे. चित्रात बर्फाच्या उंचवट्यांवर अडकलेली शिडाची जहाजे आहेत, बर्फावरून घसरत खेळणारी माणसे आहेत आणि माथ्यावर कड्यांसह प्रचंड शनी आहे. जहाजे कादंबरीतली आहेत. शनी मात्र नाही. व्हर्नचा गॅलिया धूमकेतू गुरूजवळून जातो. आकाश व्यापून टाकील इतका शनी त्याला कधीच भेटत नाही. मग पॉल चुकला काय? मजकुराला चित्राचा मालक मानणारा समीक्षक ‘होय’ म्हणेल. रोलाँ बार्थने १९६४च्या निबंधात जाहिरातीच्या चित्राबाबत दाखवले की, सोबतचा मजकूर चित्राच्या भटकत्या अर्थाला नांगर घालतो. येथे व्यवहार उलटा आहे. चित्र आधी येते, अवघे येते आणि उत्तर न देता येते: हे कोणते ठिकाण, येथे शनी इतका जवळ कसा, ही माणसे खेळतात कशी? कथा मागाहून येते आणि या प्रश्नांना उत्तर देऊ पाहते. व्हर्नचे उत्तर काय, तर सगळी मंडळी फुग्यात बसून पृथ्वीवर परततात! उत्तर प्रश्नाहून तोकडे पडले. वाचकाच्या मनात पॉलचा शनी राहतो, व्हर्नचा फुगा राहत नाही. (पॉलच्या माणसांचे हातपाय लाकडी असतात, हा आक्षेप खरा आहे. वास्तुरेखनात मुरलेल्या त्या माणसाने माणूस कधी काढलाच नाही. त्याने ठिकाण काढले.)

भाकितांच्या खरेपणाने हे आकर्षण ठरत नाही, याचा पुरावा चेस्ली बोनस्टेल पुरवतो. विली लेसमवेत १९४९ साली निघालेल्या ‘द काँक्वेस्ट ऑफ स्पेस’मधील त्याचा चंद्र टोकदार, उभ्या सुळक्यांचा आहे. १९६९ नंतर हाती आलेल्या छायाचित्रांतील चंद्राचे डोंगर गोलसर, झिजलेले निघाले. चित्र शास्त्रीयदृष्ट्या बाद झाले, परंतु त्याची पकड ढिली झाली नाही.

अशा चित्रासारखे एक स्थळ बुलढाणा जिल्ह्यातच आहे, आणि मराठीत या प्रश्नाचा विचार तेथूनच करणे उचित ठरेल. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसाल्टमध्ये खोदलेले, तळाशी खारे पाणी. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मानले जाई. १८९६ मध्ये गिल्बर्टने ॲरिझोनाच्या विवराशी त्याचे साम्य हेरले, पण दोन्हींबाबत आघाताचा तर्क नाकारला. १९७३ साली खडकातील आघातचिन्हांवरून ते उल्काविवर असल्याचे सिद्ध झाले. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगत, २०११ मध्ये ते सुमारे ५ लाख ७० हजारांवर गेले. २०२० साली पाणी गुलाबी झाले आणि त्याचेही कारण खारफुट सूक्ष्मजीवांत सापडले. दोनशे वर्षांत स्पष्टीकरणे अशी बदलत गेली; काठावर उभ्या राहणाऱ्याचे थबकणे मात्र यांपैकी कोणत्याही स्पष्टीकरणाच्या आधी घडते आणि त्यांतील कोणत्याही एकाने संपत नाही. जुन्या विज्ञानचित्राचे कार्य हेच आहे. ते स्पष्टीकरणाच्या आधीचा क्षण रंगात धरून ठेवते.

येथे देशीपणाचा झेंडा घेऊन कोणी उभा राहील आणि म्हणेल की, हे तर आमच्याकडे होतेच. लवणासुराच्या भूमिगत घराचे झाकण दैत्यसूदन विष्णूने पायाच्या अंगठ्याने उडवले, ही विज्ञानकथाच नव्हे काय? नव्हे. कथा सुंदर आहे, आणि झाकण ही कल्पना तर कोणत्याही चित्रकाराने हेवा करावा अशी. पण ती आधीच असलेल्या खड्ड्याचा उलगडा करते, प्रश्न मिटवते. विज्ञानचित्र नसलेला खड्डा काढते आणि उलगडा आतल्या पानावर ढकलते. पुष्पक विमानाची ग्वाही देऊन हा भेद पुसणारे पुराणाचाही अपमान करतात आणि चित्राचाही.

मग मराठी चित्रकारांनी असे खड्डे किती काढले, कसे काढले? त्यांतले परक्या मासिकांवरून उचललेले किती, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले किती? लोणारचा काठ त्यांपैकी एखाद्या तरी चित्रात उतरला काय? हे प्रश्न पदव्युत्तर संशोधनाचे आहेत आणि आज ते विचारताच येत नाहीत. नियतकालिकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकण्याची रीत आपल्या ग्रंथालयांत सर्रास आहे. कादंबरीचे कव्हर फाटले की तिला खाकी पुठ्ठा चढतो. आपल्या सूचींत लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत असते. मुखपृष्ठकाराचा रकाना बहुधा नसतो. जेरार जनेतने १९८७ मध्ये ग्रंथाच्या उंबरठ्यांविषयी जे लिहिले ते आपल्या परिसंवादांतून पुष्कळ उद्धृत झाले, पण उंबरठा बाइंडरच्या सुरीखाली गेला तेव्हा उद्धृत करणाऱ्यांपैकी कोणी हाक मारल्याचे दिसत नाही. विज्ञानकथेवरील प्रबंध निघतात ते संग्रहांवर, म्हणजे मासिकातून काढून, चित्रे गाळून, एकरंगी पुनर्मुद्रित केलेल्या मजकुरावर. त्यांचा निष्कर्ष ‘विज्ञान किती, कथा किती’ या दोन पारड्यांपलीकडे जात नाही, यात नवल कसले?

खंड बांधताना मुखपृष्ठ आत राहू द्यावे आणि सूचीत चित्रकाराचे नाव घालावे, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. तूर्त ज्याला हे अंक पाहायचे आहेत त्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयाऐवजी रद्दीच्या दुकानाची पायरी चढावी. तेथे ते कोणी बांधलेले नसतात, म्हणून मुखपृष्ठासकट मिळतात, आणि किलोवर मिळतात.